हजार लांजेवार

"तीनशे बारा मेले," असं लांजेवार भाऊ भिंतीपलीकडून इतक्या शांतपणे म्हणाले, की माझ्या हातातलं मुगवड्यांचं ताट खाली पडता पडता राहिलं.

रविवार होता, सकाळचे साडेदहा वाजले असतील. वरोऱ्यातल्या आमच्या घराला लागून एका खोलीचं बैठं घर आहे आणि मधे कमरेइतकी भिंत. त्या खोलीत हा माणूस राहायला येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. पन्नाशीच्या आसपासचा, एकटा, हडकुळा. खिडकीला अर्धा पडदा आणि दिवसभर आतून कीबोर्डची टकटक. मी ताट तसंच ठेवलं आणि घरात गेले. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवायचे, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पेपर वाचत बसले होते.

"अजी, ऐकलं का? तीनशे बारा लोकं मेले म्हनते."

"कुठी?"

"मले काय मालूम कुठी! तो बाजूचा म्हनून राह्यला."

हे चप्पल घालून भिंतीपाशी गेले. मी दाराआड. लांजेवार भाऊ खिडकीत आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मीच मेलो सर. हजारातून तीनशे बारा वेळा. लई जास्त हाये हे."

त्या दिवशी मी समोरच्या दाराला दुसरी कडी लावून घेतली.

खुलासा पुढे झाला. त्यांनी कम्प्युटरवर एक प्रोग्राम लिहिला होता. शेअर कधी घ्यायचा, कधी विकायचा, एका वेळी किती पैसा लावायचा, याचे नियम त्यात घातलेले. मग तो प्रोग्राम एक हजार लांजेवार तयार करायचा. सगळ्यांजवळ सारखे पैसे, सगळ्यांचे नियम सारखे, फक्त नशीब वेगळं. कोणाला नफ्याचे दिवस आधी येतात, कोणाला तोट्याचे. ज्याचे पैसे बुडाले तो मेला; वर्षाच्या शेवटी किती लांजेवार जिवंत राहिले ते मोजायचं.

"एकच लांजेवार पाह्यला, आन् त्याचं नशीब चांगलं निघालं, तं तो शहाना दिसते," ते म्हणायचे. "हजार पाहा. मंग समजते तो शहाना होता का वाचला होता."

मी तेव्हा बावीस वर्षांपासून पोस्टाची बचत एजंट होते. घरोघर फिरून आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करायचे. त्या बावीस वर्षांत चिटफंडवाले पाहिले, साखळीवाले पाहिले, सागवानाची झाडं विकणारे पाहिले. पैशाबद्दल गोड बोलणारा माणूस दारात यायच्या आधीच मला कळतो. लांजेवार भाऊ गोड बोलत नव्हते. म्हणून तर मला त्यांचा जास्त संशय आला. ही काहीतरी नवी पद्धत असेल, असं वाटलं.

शिवाय एक गोष्ट माझ्या कानावर आली होती. ते आधी चंद्रपूरकडे एका कोळसा खाणीच्या काटाघरात ऑपरेटर होते. कोळशाचे ट्रक जिथे वजन करून सोडतात, ते काटाघर. तिथे वजनाची काही भानगड झाली आणि त्यांना काढलं, असं माझ्या एका खातेदार बाईच्या जावयाने सांगितलं होतं. काटा मारणारा माणूस आता शेअर बाजाराचा प्रोग्राम करतो म्हटल्यावर मला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही.

ते स्वतः मात्र साऱ्या जगावर संशय घ्यायचे. आठवडी बाजारात जाताना त्यांच्या पिशवीत अर्ध्या किलोचं लोखंडी माप असायचं. भाजी घ्यायच्या आधी ते माप काट्यावर ठेवायचे आणि काटा काय दाखवतो ते पाहायचे. भाजीवाले त्यांना लांबूनच ओळखायचे. "आला पा काट्याचा इन्स्पेक्टर," म्हणायचे. एकदा वांगी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचा काटा त्यांनी असा तपासला. बाई चिडली. "मी चोट्टी वाटली का तुले?"

"नाई बाई. तुमचा काटा तुमालेच खाऊन राह्यला. अर्ध्या किलोवर एक वांगं जास्त जाते तुमचं."

बाईचा विश्वास बसेना. शेजारच्या दुकानावरून दुसरं माप आणून पाहिलं, तर खरंच तसं. पुढच्या बाजारी तिने त्यांना सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी फुकट दिली. त्यांनी ती घेतली, भाव विचारला आणि पैसे ठेवले. "फुकटच्या मालात काय लपलं असते, मले दिसत नाई," म्हणाले. बाई पुन्हा चिडली.

माझा राग मात्र वेगळ्या कारणाने होता. एका सकाळी मी हप्ते गोळा करायला निघाले होते. भिंतीपलीकडून हाक आली. "बाई, या आरडीत तुमाले किती भेटते?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"सरकार देते कमिशन," मी म्हटलं.

"ते समजलं. किती?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरोबर हाये. मी कालच वाचून ठेवलं होतं. तुमी खरं सांगता का, ते पाहाचं होतं."

त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे खातं उघडलं, आणि पुढे एकही हप्ता चुकवला नाही. पण चोरासारखी झडती घेतल्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी त्यांना त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही.

आमच्या ह्यांची आणि त्यांची मात्र हळूहळू गट्टी जमली. निमित्त चिंचोक्यांचं. ह्यांनी विचारलं होतं, की दहातून सहा वेळा जिंकणारा माणूस बुडेल कसा? लांजेवार भाऊंनी भिंतीवर शंभर चिंचोके मांडले. एका पिशवीत सहा काळ्या आणि चार पांढऱ्या गोट्या टाकल्या. काळी निघाली तर तुम्ही लावले तेवढे चिंचोके तुम्हाला मिळणार, पांढरी निघाली तर गेले. गोटी परत पिशवीत टाकायची आणि पुन्हा काढायची. "लावा किती लावता ते."

हे दर वेळी जवळच्यातले अर्धे लावत गेले. काळ्या गोट्या जास्त निघत होत्या, तरी अर्ध्या तासात यांच्यापुढे चार चिंचोके उरले. हे गोट्या मोजून पाहायला लागले.

"गोट्या बरोबर हायेत, सर," लांजेवार भाऊ म्हणाले. "लावनं चुकलं. शंभरातले पाच लावले असते तं इतक्यात मेले नसते. जिंकनं वेगळं आन् पैसा सांभाळनं वेगळं. माझा अर्धा प्रोग्राम पैसा सांभाळन्यासाठीच हाये."

हे फार खूश झाले. वर्गात जाऊन मुलांनाही तो खेळ दाखवला. मी मनात म्हटलं, आधी चिंचोके, मग पैसे.

आणि तसंच होणार, असं वाटायची वेळ आलीही. एका दुपारी हे धावतच घरात आले. लांजेवार भाऊंनी नियम थोडे बदलून मागच्या दहा वर्षांच्या भावांवर प्रोग्राम चालवला होता आणि एका लाखाचे साठ लाख झाले होते. हजारातला एकही लांजेवार मेला नव्हता. हे म्हणाले, "आपनही थोडे देऊ त्यायले." मी म्हटलं, "आला मुद्द्यावर. मी वाटच पाहून राह्यली होती."

संध्याकाळी हे पैशाचं विचारायला भिंतीपाशी गेले. लांजेवार भाऊंचा चेहरा घरात कोणी दगावल्यासारखा होता.

"नाई घेत," ते म्हणाले.

"काऊन? साठ लाख झाले म्हनता ना?"

"म्हनूनच. इतकं चांगलं काही नसते सर. यात कुठीतरी खोट हाये, आन् ती माझीच हाये."

तीन आठवडे ते ती खोट शोधत होते. डबा आणून देणारी बाई सांगायची, की अर्धा डबा तसाच परत जातो. मग एके दिवशी त्यांनी भिंतीवरून ह्यांना हाक मारली आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. प्रोग्राम सकाळी खरेदी ठरवताना त्याच दिवसाचा संध्याकाळचा भाव वापरत होता. एक ओळ वरखाली झाली होती. "उद्याचा पेपर आजच वाचून राह्यला होता हरामखोर!" ती ओळ सुधारल्यावर साठ लाखांचे एक लाख एकोणचाळीस हजार झाले. दहा वर्षांत. "पोस्टात जास्त झाले असते," असं म्हणून ते माझ्याकडे पाहून हसले. मी हसले नाही. नाही म्हणणारा दुकानदार जास्त माल विकतो, हे मला माहीत होतं.

त्यानंतर त्यांना एक खोड लागली. औषधाच्या खोक्याचा एक पुठ्ठा त्यांनी कापून ठेवला होता. कोणताही आलेख दिसला, की त्याच्या उजव्या अर्ध्यावर तो पुठ्ठा ठेवायचे आणि समोरच्याला विचारायचे, "आता सांगा, पुढं काय होईन?" पेपरातल्या पावसाच्या आलेखावरही ठेवायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर नागपूरहून एक मुलगा वरोऱ्यात यायला लागला. त्याला सगळे कुणाल सर म्हणायचे. इस्त्रीचा शर्ट, बोलणं अर्धं हिंदीत. त्यांच्या कंपनीचं एक सॉफ्टवेअर होतं, ते आपोआप खरेदी-विक्री करायचं आणि दर महिन्याला शेकडा पाच द्यायचं. मंगल कार्यालयात सभा झाली. शिक्षक आले, सोयाबीनचे व्यापारी आले, दोन डॉक्टर आले. माझे खातेदार मला टाळून पुढच्या खुर्च्यांवर बसले होते.

कुणाल सरांनी पडद्यावर आलेख दाखवला. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात गेलेली सरळ रेघ, शिडीसारखी. टाळ्या पडल्या. लांजेवार भाऊ मागून उठले.

"सगळ्यात खराब महिना कोन्ता, तो दाखवा."

"खराब महिना हुआ ही नहीं, काका," कुणाल सर म्हणाले. लोक हसले.

"बरं. मंग रोज काय घेतलं, काय विकलं, त्याची यादी द्या. मी घरी तपासून पाहातो."

"वो सिर्फ मेंबर को मिलती है. आप मेंबर बन जाइए."

पुन्हा हसू. लांजेवार भाऊ खाली बसले नाहीत. "ज्या माणसाले कधी तापच आला नाई, त्याले डॉक्टरनं आधी तपासलं पाह्यजे," म्हणाले. कोणीतरी मागून ओरडलं, "तुमचं नाई चालत म्हनून दुसऱ्याचं बंद पाडता का?"

आता मला सांगायला लाज वाटते ते सांगते. कुणालचाही मला संशय होताच. माझे खातेदार तो पळवत होता. मी तेव्हा लांजेवार भाऊंच्या बाजूने उभी राहायला हवी होती. पण बाहेर चपला घालताना दोन-तीन बायांनी विचारलं, "ताई, तुमच्या बाजूचे म्हनते त्यात काही दम हाये का?" आणि मी म्हटलं, "त्यायचं काय घेऊन बसल्या? खाणीतून काढलेला मानूस तो. काट्याची भानगड होती." आठ दिवसांत ते अख्ख्या वरोऱ्याला माहीत झालं. किराणा दुकानदाराने एक दिवस त्यांच्याच तोंडावर म्हटलं, "भाऊ, माप इथी काढू नका. तुमचं माप समद्यायले समजलं." दुकानात हशा पिकला. ते सामान न घेताच परत गेले.

संक्रांतीला माझी धाकटी बहीण शोभा मोहर्लीहून आली. तिचा नवरा राजू ताडोबाच्या सफारीत दुसऱ्याची जिप्सी चालवायचा. दोघांनी आठ वर्षं जमवून स्वतःच्या जिप्सीसाठी पैसे बाजूला ठेवले होते. गाडी मिळायला सहा महिने होते, तेवढ्यासाठी ते पैसे तिने कुणालच्या सॉफ्टवेअरमध्ये घातले होते. अंगणात भिंतीलगत तीळ निवडत बसलो असताना तिने विचारलं, "ताई, ते लांजेवार भाऊ म्हनते ते खरं हाये का? मले भेव वाटून राह्यलं."

"त्यायचं ऐकू नको," मी म्हटलं. "तुले काढाचे असन तं काढ, नाई तं ठेव. पन त्या मानसाच्या बोलन्यावर नको जाऊ. चोर हाये तो."

चार दिवसांनी मोहर्लीहून शोभाच्या शेजारणीचा फोन आला. लांजेवार भाऊ शोभाच्या घरी आले आहेत, लॅपटॉप घेऊन. माझं डोकं फिरलं. माझ्या बहिणीच्या पैशावर याचा डोळा. कुणालकडून काढायला लावेल आणि आपल्या प्रोग्राममध्ये घालेल. मी मिळेल त्या बसने निघाले. चंद्रपूरला बस बदलली आणि दुपारी मोहर्लीत पोचले.

अंगणात बाजेवर लॅपटॉप. एका बाजूला राजू, दुसऱ्या बाजूला लांजेवार भाऊ, शोभा उंबऱ्यात बसलेली. मी पदर खोचूनच आत गेले.

"आधी हे सांगा, खाणीतून तुमाले काऊन काढलं?"

राजू उठून उभा राहिला. लांजेवार भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "काढलं नाई. मीच सोडली. पन तुमी माझ्या शब्दावर जाऊ नका बाई. बसा."

"मी बसाले नाई आली."

"बरं, उभ्यानं पाहा. राजू, तुमच्या फोनवर कुणालनं पाठवलेली मागच्या वर्षभराची यादी उघडा. आता ही तारीख वाचा."

राजूने वाचली. मागच्या मार्चमधली. त्या दिवशी सॉफ्टवेअरने तीन कंपन्यांचे शेअर घेऊन दुपारी नफ्यात विकले, असं लिहिलं होतं.

"त्या दिवशी काय होतं?"

राजूने आठवलं. "धुळवड."

"धुळवडीले शेअर बाजार बंद असते. माझ्या कम्प्युटरवर नका पाहू, मी खोटं दाखवू शकतो. तुमच्याच फोनवर पाहा, मागच्या वर्षी बाजाराले कोन्त्या दिवशी सुट्ट्या होत्या."

राजूने पाहिलं. मग फोन माझ्या हातात दिला. मी पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. शोभाने विचारलं, "म्हंजे?"

"म्हंजे तिथी सॉफ्टवेअर-बिफ्टवेअर काही नाई," लांजेवार भाऊ म्हणाले. "कोनीतरी बसून यादी टाइप करते. आन् टाइप करनाराले धुळवड आठवली नाई."

शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिला रडू दिलं नाही. "पैसे आजच मागा. भांडू नका, धुळवडीचं नाव काढू नका. गाडी लवकर येऊन राह्यली म्हना. सध्या ते मागनाऱ्याले देऊन राह्यले, बाकीच्यायचा भरोसा टिकावा म्हनून. पुढच्या महिन्यात देतीन का नाई, मी सांगू शकत नाई."

मी तरी विचारलंच. "आन् परत आलेले पैसे? तुमच्या प्रोग्राममधी?"

"पोस्टात," ते म्हणाले. "तुमी हायेच ना."

बस यायला वेळ होता. ते चहा न घेता थांब्यावर जाऊन उभे राहिले. मी दुसऱ्या बसने आले. त्यांच्याबरोबर एका बसमध्ये बसायचं तोंड मला नव्हतं.

बाराव्या दिवशी शोभाचे पैसे आले. कसलासा चार्ज म्हणून थोडे कापले, पण आले. मी वरोऱ्यात ओळखीच्या सगळ्यांना धुळवडीचं सांगत सुटले. काहींनी ऐकलं. बाकीच्यांनी विचारलं, "कोनं काढलं हे शोधून?" मी नाव सांगितलं, की ते हसायचे. "त्या काट्यावाल्यानं? तुमीच तं म्हनलं ना ताई तो कसा हाये ते."

आमच्या ह्यांनाही मोहर्लीहून आल्या आल्या सांगितलं होतं. हे "हो का?" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

होळीच्या आधी कुणालचा फोन बंद झाला. नागपूरच्या ऑफिसला कुलूप. त्या संध्याकाळी हे माझ्यासमोर पाटावर बसले आणि म्हणाले, "माझेही होते." भविष्य निर्वाह निधीतून उचललेले, घरावर एक मजला चढवू म्हणून. मंगल कार्यालयातल्या त्या सभेपासून. मी रागावेन म्हणून सांगितलं नव्हतं आणि धुळवडीचं कळल्यावरही मागितले नाहीत. "अजून एक महिना व्याज घेऊ, मंग गुपचूप काढू, असं वाटलं," म्हणाले. अख्ख्या वरोऱ्यात मी ज्याच्या त्याच्याकडे संशयाने पाहिलं होतं. घरातल्या माणसाला मी कधी साधं विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लांजेवार भाऊ पहिल्यांदा आमच्या घरात आले. ह्यांच्याजवळ बसले. मग म्हणाले, "सर, तक्रार लिहू. तुमच्या कागदापासून सुरू करू."

त्यानंतर महिनाभर आमच्या पडवीत लोक येत होते. ज्यांनी त्यांना काट्यावाला म्हटलं होतं तेच लोक, कागदांच्या पिशव्या घेऊन. किराणा दुकानदारही आला. लांजेवार भाऊंनी सगळ्यांच्या याद्या कम्प्युटरवर एकाखाली एक लावल्या. वेगवेगळ्या माणसांना एकाच दिवशी एकाच शेअरचे वेगवेगळे भाव लिहून दिलेले निघाले. ते सगळं तक्रारीला जोडलं. प्रत्येकाला कागद देताना एकच सांगायचे, "सही कराच्या आधी आपलं आपन तपासून घ्या. मी चुकलो असन." दुकानदाराने न वाचताच सही केली, तर त्याला परत बसवून वाचायला लावलं. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पैसे अजून आलेले नाहीत. आमचा मजला चढला नाही.

त्याच पडवीत मला खाणीची गोष्ट कळली. तक्रारदारांत एकजण पूर्वी त्याच काटाघरात होता. त्याने सांगितलं, की लांजेवारने तिथे बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, ट्रकचे नंबर आणि वेळा जुळवणारा. त्यात एकच ट्रक एकाच वेळी दोन काट्यांवर उभा असलेला निघाला. एकदा नाही, कित्येकदा. तो कागद त्याने वर दिला. आठ दिवसांत त्याची बदली स्टोअरमध्ये झाली, आणि सोबतच्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. वर्षभराने त्याने नोकरी सोडली. "आमीही बोलत नव्हतो त्याच्याशी," तो माणूस म्हणाला. खरं सांगते, ऐकताना मनात आलंच, की हा तरी खरं सांगतो कशावरून? सवय जात नाही.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की तुमच्या प्रोग्रामने तुम्हाला शेवटी काय दिलं? "एफडीपेक्षा थोडं जास्त," ते म्हणाले. "मेहनत धरली तं कमी."

"मंग करता कायले?"

"या एका आकड्याले कोनी हात लावला नाई, हे मले माहीत असते," म्हणाले आणि आत गेले.

पावसाळ्याआधी त्यांनी खोली सोडली. मुलचेऱ्याकडे एका खाजगी शाळेत कम्प्युटर शिकवायची नोकरी मिळाली होती. सामान म्हणजे दोन पेट्या, एक बाज आणि कम्प्युटरचं खोकं. टेम्पोत चढवत असताना मी जवळ गेले. चार दिवस पाठ केलेलं होतं, तरी नीट आलं नाही.

"भाऊ, तो काट्याचा बोभाटा मीच केला होता."

"माहीत हाये," ते दोरी आवळत म्हणाले. "भिंत कमरेइतकीच हाये बाई."

"मंग बोलले काऊन नाई?"

त्यांनी गाठ मारली. "बोललो असतो तं तुमी ऐकलं असतं का?"

त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. टेम्पो चौकात वळेपर्यंत हे हात वर करून उभे होते, मी खाली पाहत होते. त्यांना माझा राग होता की नाही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

दोन वर्षांनी आमच्या ह्यांच्या एका विद्यार्थ्याच्या लग्नाला आम्ही मुलचेऱ्याच्या बाजूला गेलो. तिथली बरीच गावं बंगाली लोकांची, फार पूर्वी निर्वासित म्हणून आलेल्यांची. परतताना दुपारी एका गावात गाडी पंक्चर झाली. हे ड्रायव्हरजवळ थांबले. जवळच्या एका मांडवातून नामकीर्तनाचा आवाज येत होता, म्हणून मी तिकडे गेले. मृदंग, झांजा, पंचवीस-तीस माणसं गोल करून. त्या गोलात लांजेवार भाऊ होते. धोतर नेसलेले, उघडे, गळ्यात कोणीतरी घातलेली तुळशीची माळ. बाजूच्या म्हाताऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात टाकला होता आणि ते डोळे मिटून गात होते. भाषा त्यांची नव्हती. झांज एका ठेक्याने मागे पडत होती. कोणाची काही तक्रार नव्हती. एक बाई ताटातून बत्तासे वाटत फिरत होती. तिने त्यांच्या तोंडापाशी एक धरला, तर डोळे न उघडताच त्यांनी तोंड उघडलं.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी हाक मारली नाही. मलाही त्या बाईने एक बत्तासा दिला, तो हातात धरून मी गाडीकडे आले.